आरेच्या तबेल्यांत येणाऱ्या खुराकाचा हिशेब मांडा

प्रति,
मा. आयुक्त, दुग्धव्यवसाय विकास, महाराष्ट्र राज्य, मुंबई
तसेच महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि बृहन्मुंबई महानगरपालिका यांचे संबंधित अधिकारी

विषय: आरे दुग्ध वसाहतीतील प्रत्येक तबेल्याचा नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस) व पालाश (पोटॅशियम) यांचा वार्षिक ताळेबंद मांडण्याबाबत

महोदय,

आरेतल्या शेणाचा विषय निघाला की चर्चा दोनच वाटांनी जाते. तबेले पालघर जिल्ह्यातल्या दापचरीला हलवा, ही एक वाट. बायोगॅस प्रकल्प उभारा, ही दुसरी. दोन्हींवर वर्षानुवर्षं फायली फिरल्या, न्यायालयाचे आदेश झाले, बैठका झाल्या. या सगळ्यात एक मूळ प्रश्न बाजूलाच राहिला. तबेल्यात रोज चाऱ्या-खुराकातून किती नत्र आणि किती स्फुरद आत येतं, दुधातून किती बाहेर जातं, आणि उरलेलं कुठे जाऊन पडतं? हा हिशेब प्रत्येक तबेल्याचा, दरवर्षी, लेखी मांडला जावा आणि तो लोकांसमोर ठेवला जावा, एवढ्यासाठी हे पत्र लिहितो आहे.

मी कृषी पदवीधर आहे. नोकरीची सगळी वर्षं माती आणि पाणी तपासण्यात गेली. आता गोरेगाव पूर्वेला, आरेच्या वेशीवर राहतो. एका सरकारी कार्यालयात मी या हिशेबाबद्दल चौकशी केली, तेव्हा जनावरांची संख्या मिळाली, गोठ्यांची संख्या मिळाली; खुराकाची नोंद ठेवण्याचं आपल्याकडे कारण नाही, असं उत्तर मिळालं. कारण आहे. ते सांगण्यासाठी थोडं आकड्यांत शिरावं लागेल.

दिवसाला दहा लिटर दूध देणारी एक मुऱ्हा म्हैस घ्या. कडबा, हिरवा चारा, गव्हाचा भुसा, तुरीची चुनी, सरकी पेंड हे सगळं मिळून ती कोरड्या वजनात साधारण 14 किलो खाते असं धरू, आणि त्यात 13 टक्के प्रथिनं आहेत असं मानू. प्रथिनांना 6.25 ने भागलं की नत्र मिळतो. म्हणजे तिच्या पोटात रोज सुमारे 290 ग्रॅम नत्र गेला. म्हशीच्या दुधात 4 टक्क्यांच्या थोडी वर प्रथिनं असतात, त्यामुळे दहा लिटर दुधातून साधारण 70 ग्रॅम नत्र बाहेर आला. पूर्ण वाढलेल्या म्हशीच्या अंगी फारसं काही लागत नाही. राहिलेला सुमारे 220 ग्रॅम नत्र शेणात आणि मुतात उतरतो, रोज, न चुकता. पाचशे म्हशींच्या तबेल्यात हा आकडा दिवसाला 110 किलोंवर जातो आणि वर्षाला 40 टनांवर. युरियाच्या 45 किलोच्या गोणीत 20.7 किलो नत्र असतो. म्हणजे पाचशे म्हशींच्या एका तबेल्यातून वर्षाला युरियाच्या 1,900 हून अधिक गोण्यांइतका नत्र शेणामुतावाटे बाहेर पडतो.

इथे धरलेले आकडे पशुआहारात नेहमी वापरतात ते आहेत. प्रत्यक्षात तबेल्यागणिक ते खाली-वर होतील. म्हणूनच अंदाजावर न थांबता नोंद हवी.

आणि ही नोंद करणं अवघड आहे, असं कोणी सांगू नये. कुठल्याही मोठ्या तबेल्यातल्या मुकादमाची वही उघडून पाहा. लाल पुठ्ठ्याची, कोपरे शेणाच्या बोटांनी काळपट झालेली. डाव्या पानावर आलेला माल: भुसा इतक्या गोण्या, चुनी इतक्या, पेंड इतकी, गवताचा टेम्पो एक. उजव्या पानावर सकाळ-संध्याकाळचं दूध, लिटरमध्ये. खाली भाकड झालेल्या आणि गावी पाठवलेल्या म्हशी, नव्याने आणलेल्या म्हशी. पैशांसाठी ठेवलेली ही वही. पण ताळेबंदाला लागणारी निम्म्याहून अधिक माहिती तिच्यात तारखेसह बसलेली आहे. प्रत्येक मालाचा नत्र आणि स्फुरद किती टक्के, हे प्रयोगशाळेत तपासून त्या पानाशेजारी लिहिलं की हिशेब सुरू झाला. ज्यांना हा प्रयोग अतिशास्त्रीय वाटतो, त्यांनी ही वही एकदा हातात घ्यावी.

ही पद्धत जगात कुठे रुजली, ते सांगतो, कारण उदाहरण आपल्याला चपखल बसणारं आहे. ते डुकरांचं आहे. न्यूझीलंडमध्ये कँटरबरीच्या मैदानावर माद्या उघड्या शेतात पाळतात. छोट्या झोपड्यांत त्या वितात, दिवसभर मोकळ्या फिरतात. तिथली दुभती गाय बहुतेक काळ ज्या कुरणात चरते तिथेच शेण टाकते. तिच्या पोटातून जमिनीचाच नत्र जमिनीत परत जातो. डुकरिणीचं तसं नाही. ती बाहेरून विकत आणलेलं धान्य खाते आणि शेण टाकते या शेतात. तिच्यामुळे जमिनीवर दररोज बाहेरच्या नत्राची भर पडत राहते. त्यात ती तोंडाने माती उकरते, गवताचं आच्छादन उखडून टाकते, मग हा नत्र शोषायला मुळंच उरत नाहीत. पाऊस आला की नत्र नायट्रेटच्या रूपात खाली भूजलात आणि स्फुरद मातीसकट ओढ्यात.

आपल्या तबेल्यातली म्हैस या बाबतीत न्यूझीलंडच्या गाईपेक्षा त्या डुकरिणीच्या जवळची आहे. तीही पूर्णपणे विकतच्या खुराकावर जगते, आणि ती जिथे उभी आहे ती जमीन तिला पोसत नाही. म्हणून गाईम्हशींच्या पारंपरिक हिशेबापेक्षा डुक्करपालनातला हिशेब आपल्याला जास्त उपयोगी आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या कृषी खात्याने पिगबाल नावाचं मॉडेल बनवलं. ते एक्सेलच्या तक्त्यावर चालतं. किती डुकरं, कोणत्या वयाची, काय खातात, किती वाया जातं हे भरलं की शेणामुतात नत्र, स्फुरद, पालाश आणि घन पदार्थ किती उतरणार ते तो सांगतो. आत आलेल्यातून बाहेर विकलेलं वजा करा, हेच त्याचं तत्त्व. मंत्रालयातल्या कुठल्याही टेबलावरच्या संगणकावर हे चालू शकतं.

न्यूझीलंडचं ओव्हरसीअर हे सॉफ्टवेअर त्याच्या बरंच पुढचं आहे. शेताची माती, पाऊस, जनावरं, खत, पीक हे सगळं घेऊन ते वर्षाला हेक्टरी किती नत्र जमिनीखाली झिरपून जाईल याचा अंदाज देतं. टाउपो सरोवराचं पाणी राखण्यासाठी तिथल्या शेतकऱ्यांवर नत्राची मर्यादा आली, आणि कोणाच्या वाट्याला किती हे ठरवताना याच सॉफ्टवेअरचा आधार घेतला गेला. पण 2021 मध्ये तिथल्या सरकारने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने या मॉडेलची चिकित्सा केली आणि त्याच्या झिरपण्याच्या आकड्यांवर पुरेसा भरवसा ठेवता येत नाही, असा निष्कर्ष काढला. ते दीर्घकाळाच्या सरासरी हवामानावर चालतं, एखाद्या वर्षाचा किंवा एखाद्या आठवड्याचा पाऊस त्यात दिसत नाही, हा त्यातला एक मोठा आक्षेप होता.

तो आक्षेप मुंबईत शंभरपट लागू पडतो. आपल्याकडे वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडतो, सांताक्रूझला 2,200 मिलिमीटरच्या आसपास. 26 जुलै 2005 ला त्याच केंद्रावर 24 तासांत 944 मिलिमीटर नोंदला गेला. ऑक्टोबर ते मेपर्यंत उकिरड्यावर जे साचलं ते जूनच्या पहिल्या दोन-तीन मोठ्या सरींत उतारावरून निघून जातं. वार्षिक सरासरी काढली तर हा धक्का तिच्यात लपून जाईल. म्हणून माझं म्हणणं असं आहे की परदेशी सॉफ्टवेअर जसंच्या तसं विकत आणू नका. त्यातला आत आलं-बाहेर गेलं हा ताळेबंदाचा भाग घ्या, तो पक्का आहे. जमिनीतून किती झिरपतं, हा भाग आपल्या मुरमाड, पातळ थराच्या मातीवर आणि आपल्या पावसावर मोजमाप करून आपणच बांधायला हवा. रोजच्या पावसाची नोंद हवामान खात्याकडे आहे, महापालिकेची स्वयंचलित पर्जन्यमापकं शहरभर आहेत. परळला आणि गोरेगावला परिसर असलेलं, 1886 पासून चालत आलेलं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय इथेच आहे. माणसं आणि साधनं शोधायला लांब जायला नको.

आता नद्यांविषयी, आणि इथे मला न्यायाने बोलायचं आहे. ओशिवरा नदी आरेच्या टेकड्यांत उगम पावून मालाडच्या खाडीला मिळते. मिठी विहार आणि पवईच्या सांडव्यांपासून निघते आणि आरेचा काही उतार तिच्याकडे जातो. या नद्यांचं मुख्य दुखणं घराघरांचं सांडपाणी आहे, त्यानंतर कारखाने आणि भंगारवाल्यांचं तेल-रसायन. सगळं खापर तबेल्यांवर फोडणं अन्यायाचं होईल आणि ते मी करणार नाही. तरीही तबेल्यांपासून सुरुवात करावी असं म्हणतो, कारण हा एकच स्रोत असा आहे ज्याचा मालक माहीत आहे, ज्याची जमीन सरकारची आहे, ज्याचा परवाना आपल्या हातात आहे, आणि ज्याचा आत येणारा माल गोणीगणिक मोजता येतो. लाखो घरांच्या मोऱ्यांबद्दल असं म्हणता येत नाही.

स्फुरदाकडे वेगळं लक्ष द्यावं, अशी माझी खास विनंती आहे. नत्राचा काही भाग अमोनिया होऊन हवेत उडतो. गोठ्यात शिरताच डोळ्यांना झोंबतो तो हाच. स्फुरद उडत नाही. तो शेणातच राहतो आणि पाण्याबरोबर जातो. वर सांगितलेल्या म्हशीच्या शेणातून रोज साधारण 50 ग्रॅम स्फुरद पडतो, पाचशे म्हशींचा 25 किलो. गोड्या पाण्याच्या तलावात लिटरला 0.03 मिलिग्रॅमच्या वर स्फुरद गेला की शेवाळ आणि जलपर्णी माजायला पोषक स्थिती तयार होते. पवई तलावाची क्षमता 545 कोटी लिटर आहे. एवढं सगळं पाणी त्या पातळीला न्यायला सुमारे 164 किलो स्फुरद पुरतो. म्हणजे पाचशे म्हशींच्या एका तबेल्याचा एका आठवड्याचासुद्धा पूर्ण स्फुरद लागत नाही. पवईत तबेल्यांचं शेण जातं असं मी म्हणत नाही, तिथे मुख्यतः सांडपाणी जातं. पण पदार्थ किती प्रभावी आहे आणि किती थोड्याने किती नासतं, याचं माप डोळ्यासमोर असावं म्हणून हा आकडा दिला. दरवर्षी जलपर्णी काढण्यावर महापालिका पैसे खर्च करते. जलपर्णी काढायला पैसे आणि तिचं खाद्य मोजायला कोणी नाही, ही स्थिती बदलायला हवी.

बायोगॅसबद्दल स्पष्ट बोलणं भाग आहे, कारण या प्रश्नावर तोच उपाय सर्वांत आधी सुचवला जातो. बायोगॅस चांगला आहे. मिथेन हवेत जाण्यापेक्षा चुलीत किंवा इंजिनात जळलेला केव्हाही बरा. पण टाकीत शिरलेल्या शेणातला कार्बन वायू होऊन बाहेर पडतो; नत्र आणि स्फुरद जवळजवळ जसेच्या तसे रबडीत, म्हणजे टाकीतून बाहेर येणाऱ्या पातळ शेणकाल्यात, राहतात. उलट नत्राचा मोठा हिस्सा अमोनियाच्या रूपात येतो, म्हणजे तो लवकर उडतो आणि लवकर वाहून जातो. रबडी दाबून घन आणि द्रव वेगळे करणारी यंत्रं बसवली तरी बराचसा नत्र आणि पालाश द्रवातच राहतो. तेव्हा प्रकल्पाच्या अहवालात रोज किती घनमीटर वायू निघणार हे लिहिलेलं असतं, त्याच्या शेजारी रोज किती किलो नत्र आणि स्फुरद असलेली किती हजार लिटर रबडी निघणार आणि ती कोणत्या गावाच्या कोणत्या शेतात जाणार, हेही लिहिलेलं असलं पाहिजे. ते नसेल तर नाल्यात जाणारं शेण फक्त टाकीतून फिरून नाल्यात जाईल. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2020 मध्ये गोठे आणि गोशाळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात गांडूळखत, कंपोस्ट, बायोगॅस, गोवऱ्या असे मार्ग आहेत आणि ते योग्यच आहेत. त्यांचा सगळा भर शेण गोळा झाल्यावर त्याचं काय करायचं यावर आहे. माझी मागणी त्याच्या एक पाऊल आधीची, गव्हाणीपासूनची आहे.

गव्हाणीतच बरंच काही करता येतं. म्हशीला गरजेपेक्षा जास्त प्रथिनं घातली तर त्याचं दूध होत नाही, मुतातला युरिया होतो. पाचशे म्हशींच्या आहारातलं प्रथिनांचं प्रमाण 13 टक्क्यांवरून फक्त 12 टक्क्यांवर आलं, तर वर्षाला सुमारे चार टन नत्र कमी बाहेर पडेल. आणि खुराकात सर्वांत महाग भाग प्रथिनांचाच असतो, त्यामुळे हा पैसा तबेलेवाल्याच्या खिशात राहील. स्फुरदाचंही तसंच. डुकराला धान्यातला फायटेटच्या रूपातला स्फुरद पचत नाही, म्हणून त्याच्या खाद्यात फायटेज नावाचं विकर (एन्झाइम) मिसळावं लागतं. म्हशीच्या पोटातले जिवाणू ते काम फुकट करतात. भुश्यात स्फुरद भरपूर असतो. भुसा मुबलक घालणाऱ्या तबेल्यात वरून आणखी स्फुरदयुक्त क्षारमिश्रण किती द्यायचं, हे सवयीने न ठरवता तपासून ठरवलं पाहिजे.

यासाठी लागणारं अर्धं सॉफ्टवेअर आपल्या देशात आहेच. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने इनाफ ही संगणकप्रणाली उभी केली आणि तिच्या आधारे समतोल आहाराचा कार्यक्रम राष्ट्रीय डेअरी योजनेत गावोगाव राबवला. जनावराचं वजन, दूध, त्यातलं स्निग्ध, हाताशी असलेला चारा हे घातलं की ती कमीत कमी खर्चाचा आहार काढून देते. खेड्यातल्या दोन म्हशींच्या दारात जे पोहोचलं, ते राजधानीतल्या शेकडो म्हशींच्या तबेल्यात का पोहोचू नये? त्याच माहितीला पुढे एक रकाना जोडायचा आहे, मागे काय उरलं याचा.

जमिनीचं गणितही आताच करून ठेवायला हवं, कारण ते अप्रिय आहे. चांगलं जोपासलेलं संकरित नेपियर गवत वर्षभरात हेक्टरी 400 किलोंच्या आसपास नत्र उचलू शकतं. चाळीस टनांतला साधारण एक तृतीयांश अमोनिया होऊन उडाला असं धरलं, तरी उरलेला नत्र पचवायला पाचशे म्हशींमागे सुमारे 67 हेक्टर गवत लागेल. आरे वसाहत एकूण 1,287 हेक्टरची. त्यात जंगल आहे, आदिवासी पाडे आहेत, चित्रनगरी आहे, रस्ते आहेत. वसाहतीत एके काळी सोळा हजारांच्या घरात जनावरं होती. तेवढ्यांसाठी 2,000 हेक्टरच्या वर गवत लागलं असतं. म्हणजे आरेचा इंच न् इंच गवताखाली आणला तरी ते पुरलं नसतं. मुंबईचे तेव्हाचे दूध आयुक्त दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने 1949 मध्ये ही वसाहत आकाराला आली तेव्हा शहरातले तबेले दाट वस्तीतून उचलून मोकळ्या हवेत आणणं हा मोठा विचार होता, आणि गोठ्यांच्या पाण्यावर पॅरा गवत वाढवून चक्राचा काही भाग त्या पिढीने जोडलाही. त्यांना माझा आदरच आहे. पण चक्र इथेच पूर्ण होणं शक्य नव्हतं आणि आजही नाही. यातून एक गोष्ट मी ठामपणे सांगतो: गवताच्या नावाखाली आरेतलं एकही झाड तोडू नये, आणि जंगलाच्या किंवा पाड्यांच्या जमिनीवर रबडी सोडू नये. शिल्लक माल बाहेरच गेला पाहिजे.

बाहेर म्हणजे कुठे, याचं उत्तर तो आला कुठून यात आहे. कडबा घाटावरून येतो. सरकी पेंड विदर्भ, मराठवाडा, खानदेशच्या कापसातून येते, तुरीची चुनी तिथल्याच डाळमिलांतून. त्या रानांतला स्फुरद आणि पालाश ट्रकने मुंबईत येतो, म्हशीच्या पोटातून जातो आणि अरबी समुद्रात संपतो. तिकडे तोच शेतकरी डीएपीच्या गोणीसाठी कृषी सेवा केंद्रासमोर रांगेत उभा असतो. आपला देश पालाश जवळजवळ पूर्णपणे आणि स्फुरदाचा बहुतांश कच्चा माल बाहेरून आणतो. विदर्भापर्यंत ओलं शेण परत नेणं परवडणार नाही, हे मला कळतं; शेणात चार-पंचमांश पाणी असतं. पण वाळवलेलं, कुजवलेलं, नत्र-स्फुरदाचा आकडा छापलेलं खत डहाणू-घोलवडच्या चिकूच्या बागांना, वसईच्या केळी-फुलांना, पालघर-रायगडच्या भातशेतीला नक्की परवडेल. गोणीवर आकडा असेल तरच शेतकरी दाम देईल. तो आकडा याच ताळेबंदातून येणार आहे.

तबेलेवाल्यांच्या बाजूने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. पहाटे दोन-तीनला उठून धार काढणारी, पाइपाच्या धारेने गोठा धुणारी माणसं कमी पगारावर राबतात. पेंडीचे भाव चढले की मालकाचंही गणित कोलमडतं. आजवर त्यांना सरकारी माणूस दिसला तो बहुतेक वेळा नोटीस घेऊन. हा ताळेबंद जर पहिल्याच दिवशी दंडाची काठी म्हणून हातात घेतला, तर वहीतले आकडे खोटे लिहिले जातील आणि सगळी मेहनत वाया जाईल. पहिली तीन वर्षं या आकड्यांवरून कोणालाही दंड करू नये. खुराकाची तपासणी मोफत करून द्यावी. कोणाच्या आहारात किती पैसे वाया जातात हे त्याला आधी दाखवावं. त्यानंतर, पाणी आणि माती दोन्हीकडच्या नोंदी जमल्यावर, परवाना नूतनीकरणाशी मर्यादा जोडावी. न्यूझीलंडमध्ये मॉडेलचा आकडा थेट नियमांत बसवला गेला आणि मग मॉडेलवरच वाद पेटला. त्यांनी मोजलेली किंमत आपण पुन्हा मोजायची गरज नाही.

आरेतल्या पाड्यांच्या विहिरी आणि बोअरवेल या कामात पहिल्यांदा घ्याव्यात. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची भारतीय मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे, आणि ती ओलांडली तर सर्वांत जास्त धोका तान्ह्या बाळांना असतो. तबेल्याच्या उतारावर खाली कोणाची विहीर आहे हे नकाशावर एका दिवसात मांडता येईल. त्या घरांना त्यांच्या पाण्याचा आकडा मराठीत, कागदावर, हातात मिळाला पाहिजे. हे ताळेबंद पूर्ण होईपर्यंत थांबवण्याचं काहीच कारण नाही.

सुरुवात मोठी नको. आरेतली दोन युनिटं, म्हणजे तबेल्यांचे दोन गट, निवडा, एक ओशिवऱ्याच्या उतारावरचं आणि एक मिठीच्या. मालकांना विश्वासात घ्या. पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी मुकादमाच्या वहीतून रोजच्या गोण्या आणि लिटर उतरवून घेतील. महिन्यातून एकदा भुसा, चुनी, पेंड, गवत, शेण आणि गोठ्याच्या मोरीतलं पाणी यांचे नमुने प्रदूषण मंडळाच्या प्रयोगशाळेत जातील. नाल्यात तबेल्याच्या वर एक आणि खाली एक अशा दोन जागा कायमच्या ठरवाव्यात. ताळेबंद सांगेल की इतके किलो बेपत्ता आहेत, आणि नाल्यातला फरक सांगेल की त्यातले किती तिथून गेले. दोन आकडे जुळेनात तेव्हा मॉडेल दुरुस्त करायचं, हेच मॉडेल बांधण्याचं काम असतं. वर्षअखेरीस दोन्ही युनिटांचा तक्ता विभागाच्या संकेतस्थळावर ठेवावा, मालकाचं नाव न घालता, पण आकडे न झाकता.

याचा तक्ता मी तयार केलेला आहे. एकाच पानाचा आहे, मराठीत आहे, आणि विभागाने मागितला तर विनामूल्य देईन. नमुने कसे घ्यायचे ते शिकवायलाही येईन.

येत्या 1 एप्रिलपासून नोंदी सुरू झाल्या तर पाऊस येण्याआधी दोन महिन्यांचा हिशेब हाताशी असेल. मेच्या शेवटच्या आठवड्यात त्या दोन्ही युनिटांचे उकिरडे वजन करून बाहेर काढावेत, उरलेल्यावर ताडपत्री घालावी, आणि जूनच्या पहिल्या मोठ्या सरीच्या दिवशी नाल्यातल्या त्या चारही जागांवर दर तासाला बाटली भरणारी माणसं उभी असावीत. त्यांची नावं आणि पाळ्या एप्रिलमध्येच ठरवून ठेवाव्यात, ही विनंती.

आपला,
गोरेगाव पूर्वेचा एक रहिवासी